जावईबापूंनी टेम्पो कसा भरला

आमचे जावईबापू लोकांची घरं हलवतात. म्हणजे भिंती जागच्या जागी ठेवून आतलं सगळं उचलतात. पलंग, कपाटं, आरसे, कुंड्या आणि त्यांच्याबरोबर त्या त्या घरातली भांडणं. भांडणांना खोकं लागत नाही, ती आपली आपण टेम्पोत चढतात, असं त्यांचंच म्हणणं. एरवी बोलणं कमी. उंची अशी की आमच्या दारातून येताना वाकतात आणि जाताना विसरतात. पँटच्या खिशात कायम चिकटपट्टीचं रीळ. हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे ‘चिकटपट्टी’ म्हणतात. ते त्यांना ठाऊक आहे. रागावायचं सोडून एकदा चुकून त्या नावाला त्यांनी ओ दिली, तेव्हापासून माणसं तोंडावरही म्हणायला लागली.

हा माणूस आमच्या घरात कसा शिरला ते आधी सांगतो, म्हणजे वादळाच्या दिवशी काय झालं ते नीट कळेल.

आमची मुलगी नर्स. हॉस्पिटलच्या वसतिगृहातून ती भाड्याच्या खोलीत राहायला निघाली तेव्हा सामान न्यायला हे आले. मी मदतीला गेलो होतो. माझी मदत म्हणजे बरोबर दाराच्या मधोमध उभं राहून ‘जपून, जपून’ म्हणायचं. मुलीला काचेच्या जुन्या बाटल्या जमवायचा नाद. निळ्या, हिरव्या, लांब मानेच्या, कसल्या कसल्या. मला वाटलं, यातल्या निम्म्या आज मोक्षाला जाणार. पण या गृहस्थांनी एकेक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, मग ती मोज्यात घातली, ते मोजे उशीच्या अभ्र्यात आणि तो अभ्रा बादलीत. नव्या खोलीत उघडून बघतो तर एकाही बाटलीला तडा नाही. फक्त मुलगी तेवढी हातची गेली. थोड्याच दिवसांत तिचा फोन आला, “बाबा, तो सामानवाला आठवतो?” मी म्हणालो, “का गं, काही फुटलं होतं का?” तर म्हणाली, “नाही. जमलंय.”

या माणसाच्या कामाच्या काही ठाम रीती आहेत. सगळ्यात नाजूक आणि मोलाची वस्तू टेम्पोत सगळ्यात आधी जाते, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या भिंतीला अगदी चिकटून, कारण तिथं हिसके कमी बसतात. मग जड, मग हलकं, मग गाद्या, वरून ताडपत्री आणि दोरी. रिकामी जागा त्यांना बघवत नाही. पातेल्यात कप, कपात चमचे, चमच्यांच्या मधे कापूस. बुटात बल्ब. आणि एकदा दोरी आवळली की मुक्कामाला पोचेपर्यंत तिला हात लावायचा नाही. दोरी कापायची तर कधीच नाही. सोडायची, गुंडाळायची, खुंटीला टांगायची. एका कामगारानं घाईत सुरी लावली म्हणून त्याच्याशी दिवसभर बोलले नव्हते. तसे ते रोजच कुणाशी बोलत नाहीत, पण त्या दिवशी त्याला ते जाणवलं म्हणे.

आणि हात असा चालू झाला की समोरची वस्तू कुणाची, ती आत्ता लागणार आहे का, हे त्यांच्या डोक्यात येतच नाही. एक वकीलसाहेब फोनवर बोलत होते. बोलणं संपवून चहाकडे वळले तर चहा नाही. जावईबापूंनी तो कप ओतून, विसळून, पुसून, कागदात गुंडाळून खोक्यात भरला होता. आम्ही म्हातारा-म्हातारी मुलीकडे कायमचे राहायला आलो तेव्हा आमचंही सामान त्यांनीच बांधलं. माझी दातांची कवळी खिडकीत पेल्यात होती. ती गेली. इथं आल्यावर मी दुधात पाव बुडवून खात बसलो आणि सगळं घर खोकी धुंडाळत बसलं. शेवटी ती सापडली माझ्याच लोकरी टोपीत, टोपी कुकरमध्ये, भोवती कापूस. कवळीला ओरखडासुद्धा नव्हता. जावईबापू म्हणाले, “मामा, बघा, जशीच्या तशी.” आता यावर माणसानं काय बोलावं? तोंडात दात नसताना तर काहीच बोलता येत नाही.

तर आता वादळ.

आमचं घर बंदराच्या बाजूला, सखल भागात, तळमजल्याला. घरात आम्ही दोघं, मुलगी, जावई आणि नात. नातीला सगळे पिटुकली म्हणतात. पाच महिन्यांची, मान धरायला लागलेली, लोळायला शिकलेली आणि भूक लागली की गल्लीला कळवणारी. मुलगी पुन्हा कामावर जायला लागली होती, त्यामुळे दिवसा वरचं दूध, बाटलीनं. ती बाटली, दुधाच्या पावडरचा डबा, गरम पाण्याचा थर्मास, लंगोट, सगळं एका वेताच्या टोपलीत. ती टोपली म्हणजे आमच्या घरातलं मुख्य कार्यालय.

चक्रीवादळ येणार येणार असं रेडिओवर चालूच होतं. त्या दिवशी सकाळी भोंग्याची गाडी गल्लीत आली. बंदराकडची सगळी वस्ती रिकामी करा, खाडीपलीकडे टेकडीवरच्या कॉलेजात सोय केली आहे, संध्याकाळी वारा वाढला की पूल बंद होईल. हॉस्पिटलातले पेशंटही त्याच कॉलेजात हलवायचे ठरले आणि मुलीला त्यांच्याबरोबर पुढे जावं लागलं. रुग्णवाहिका दारात उभी, आतून कुणीतरी हाका मारतंय, आणि ही पायात चपला सरकवता सरकवता नवऱ्याला सांगतेय, “हे बघा, मला बाकी काही नको. पूल बंद व्हायच्या आत पिटुकलीला माझ्याकडे आणा. वेळेवर दूध पाजून. एवढंच. ऐकलंत?”

“आणतो,” जावईबापू म्हणाले.

“मला फक्त ती पाहिजे.”

“आणतो म्हटलं ना.”

ती गेली. आणि जावईबापूंनी खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं.

मी म्हणालो, “जावईबापू, पोरीला घ्या, दोन पिशव्या घ्या आणि निघू या.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्यांना उघड्या डोक्यानं सासुरवाडीच्या लग्नाला जायला सांगितलं. म्हणाले, “मामा, लोकांची घरं हलवतो मी. पाणी घरात शिरलं आणि माझंच कपाट तरंगलं, तर गिऱ्हाइकं काय म्हणतील?” खरं तर मला मजाच वाटत होती. त्यांना दुसऱ्यांची घरं आवरताना मी बघितलं होतं, पण स्वतःच्या घरावर हात चालवताना बघायची ही पहिलीच वेळ. सुतार जसा स्वतःच्या मुलीसाठी पाळणा करतो तसं चाललं होतं. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या. पलंग सुटला, कपाट सुटलं, खुर्च्या एकमेकींच्या मांडीवर बसल्या. मी पडदे काढले. आमची ही, म्हणजे पिटुकलीची आजी, न्हाणीघरात तिला आंघोळ घालत होती, तिथून ओरडत होती, “टोपली स्टुलावर ठेवलीय हो दारापाशी, हाताशी राहू दे!” पण पाण्याचा आवाज, पोरीचा आवाज आणि कपाट ओढल्याचा आवाज, यात ते कुणाला ऐकू जाणार? मी तर चौथ्या पडद्यात गुरफटलो होतो.

दुपार कलायच्या आत टेम्पो भरला. बघण्यासारखा भरला होता. ताडपत्रीवर एक सुरकुती नाही. गल्लीतली जाणारी माणसं क्षणभर थांबून बघून जात. घर इतकं रिकामं झालं होतं की मी शिंकलो तर मलाच कुणीतरी ‘काळजी घ्या’ म्हटल्यासारखं वाटलं. आम्ही पुढं बसलो. जावईबापू चाकावर, मी मधे, ही खिडकीशी, तिच्या मांडीवर न्हाऊन-माखून गाढ झोपलेली पिटुकली. आभाळ तांब्याच्या जुन्या भांड्यासारखं झालं होतं. वारा येई, थांबे, पुन्हा येई. पावसाचे सपकारे काचेवर आडवे बसत.

पुलाकडच्या रस्त्यावर गाड्यांची रांग. मुंगीच्या पावलानं चाललेली. आणि बरोबर तिथं पिटुकली जागी झाली. आधी एक डोळा. मग दुसरा. मग खालचा ओठ बाहेर आला. ही म्हणाली, “द्या हो जावईबापू, बाटली द्या. वेळ झालीच आहे तिची.”

जावईबापू पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघत राहिले.

“टोपली कुठे ठेवलीत? पायाशी दिसत नाही.”

“आहे. सुखरूप आहे.”

“अहो, सुखरूप आहे ते कळलं. आहे कुठे?”

“सगळ्यात आधी भरली, मामी.”

हे ऐकलं आणि मला माझी कवळी आठवली. मी विचारलं, “आधी भरली म्हणजे सगळ्यात आत?”

“ड्रममध्ये.”

“कसल्या ड्रममध्ये?”

“वॉशिंग मशीनच्या. पोट रिकामं होतं तिचं. टोपली अगदी मापात बसली, मामा. भोवती लंगोट घातले. थर्मासला धक्का लागणार नाही.”

आमच्या डोक्यामागे जाळीची छोटी काच होती. मी मान वळवून बघितलं. काचेपलीकडे हातभरावर पांढरीशुभ्र मशीन उभी होती, तोंड पलीकडे करून, पाठ आमच्याकडे, रुसलेल्या सवतीसारखी. तिच्या मागे कपाटं, त्यांच्या मागे पलंग, त्यांच्या मागे खुर्च्या, गाद्या, दोऱ्या. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू बरोबर तिच्या मानाच्या जागी बसली होती. हात मात्र कुणाचाच पोचत नव्हता.

आमची ही सहसा जावयाला बोलत नाही. पण त्या दिवशी म्हणाली, “लेकराचं दूध धुवायला टाकलंत की काय?”

पिटुकलीनं सूर लावला. आधी साधा, मग चढा. मी माझं बोट दिलं, ते तिनं चोखून बघितलं आणि थुंकून टाकलं. चावी वाजवली, टाळ्या वाजवल्या, कवळी काढून दाखवली. एरवी कवळीवर ती खूश असते. त्या दिवशी तिनं ती वेगळ्याच नजरेनं बघितली. दुकानं सगळी बंद, गल्ल्या रिकाम्या, मागं फिरायला रस्ता नाही आणि पुढे पूल. जावईबापूंच्या कपाळावर घाम आला. पियानो जिन्यावरून उतरवताना ज्यांना घाम येत नाही, त्यांना. एवढंच म्हणत होते, “पलीकडे पोचलो की लगेच. पलीकडे पोचलो की लगेच.”

पुलाच्या तोंडाशी हवालदार उभा होता. रेनकोटची टोपी वाऱ्यानं उडून पाठीवर फडफडत होती आणि तो शिट्टी तोंडातून न काढताच बोलत होता. त्यानं आमचा टेम्पो बघितला, मान मागे टाकून त्याचा वरचा माथा बघितला आणि शिट्टी काढली.

“हे काय, घर घेऊन निघालात?”

“हो,” जावईबापू म्हणाले. खोटं बोलत नाहीत ते.

“उंच भरलेली गाडी सोडायची नाही. हुकूम आहे. पुलावर वारा कुशीत शिरला की ही ताडपत्री नाही राहणार, शीड होईल. तुम्ही थेट समुद्रात जाऊन व्यापार करा मग. बाजूला घ्या.”

“हवालदारसाहेब, पोरीला पलीकडे न्यायचंय. आई तिकडे आहे तिची.”

“रडतेय का ती?”

“नाही, गातेय,” ही म्हणाली.

हवालदार खिडकीत वाकला. पिटुकलीनं त्याच्या तोंडावर जी किंकाळी फोडली ती ऐकून तो दोन पावलं मागे सरला. मऊ आवाजात म्हणाला, “काकी, माणसं सोडायला माझी ना नाही. माल उतरवा. ती काट्याची शेड आहे ना, तिथं ठेवा. पण हात चालवा. वारा असाच वाढला तर थोड्या वेळात मला अडसर पाडावा लागेल, मग मी माझ्या बापालासुद्धा सोडणार नाही. तो तिकडेच आहे म्हणा आधीपासून.”

काट्याची शेड म्हणजे जिथं ट्रकांचं वजन करतात ती, पक्क्या छपराची, तीन बाजूंनी भिंत. आत पाच-सात माणसं दाटीनं उभी होती. नेणारी बस येईल म्हणून वाट बघत होती. जावईबापूंनी टेम्पो तिथं उलटा लावला, खाली उतरले आणि दोरीपाशी जाऊन उभे राहिले. गाठी पावसानं फुगून दगड झाल्या होत्या. एकीला नखं लावली, दुसरीला लावली. आतून पिटुकलीचा आवाज येत होता. आता त्यात ओरडणं कमी आणि हुंदके जास्त होते, आणि ते जास्त वाईट. जावईबापूंनी एकदा तिकडे बघितलं. मग खिशातून सुरी काढली आणि दोरी कापली. खाटकन. मग दुसरी. मग तिसरी. कापलेली दोरी चिखलात पडली आणि त्यांनी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

टेम्पोचा मागचा फाळका पडला. ते एकटेच गाद्या उतरवायला लागले तेव्हा शेडमधून एक गलेलठ्ठ गृहस्थ पुढे आले. आमच्या बाजारातला पाववाला. “काय हो, मुक्काम इथंच करायचा विचार आहे की काय?” मी सांगितलं, बाळाचं दूध वॉशिंग मशीनमध्ये आहे. त्यांनी मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, बाह्या सरसावल्या. मग बाकीचेही आले. टेम्पोपासून भिंतीपर्यंत माणसांची ओळ लागली आणि आमचं घर एका हातातून दुसऱ्या हातात असं सरकायला लागलं.

इकडे हिचा जीव खालीवर. वादळानं नव्हे. “अहो,” ती माझ्या कानाशी लागली, “ती ठिगळाची गादी उलटी धरायला सांगा ना. सगळं गाव बघतंय.”

“अगं, वादळ येतंय!”

“वादळ येईल नि जाईल. ही माणसं उद्या बाजारात भेटणार आहेत.”

ओळीत शेवटी एक मास्तरीणबाई होत्या, शाळेतून कधीच्या निवृत्त झालेल्या, काडीसारख्या सडपातळ, काखेत एक तुळतुळीत पानांची कुंडी. ती कुंडी खाली ठेवायला तयार नव्हत्या, म्हणून एका हातानं आमच्या उशा झेलत होत्या आणि प्रत्येकीवर शेरा मारत होत्या. “हिच्यात कापूस कमी आहे. ही बरी आहे. ही कुणाची? धुवा हिला.”

मग कपाटं आली. मोठं कपाट ओढताना त्याचं दार उघडलं आणि आतून पातेलं, पातेल्यातून कप, कपातून चमचे असा संसार पाववाल्याच्या पायावर सांडला. “काय रीत आहे!” तो पाय चोळत म्हणाला, “आमच्या भट्टीतसुद्धा पाव एवढे चिकटून नसतात.” आणि शेवटी हौद्याच्या टोकाला ती उभी होती, पांढरी, आता तोंड आमच्याकडे करून. जावईबापूंनी तिला मिठी मारली, जरा पुढं ओढली, गुडघ्यावर बसून गोल दार उघडलं आणि टोपली बाहेर काढली. थर्मास जसाच्या तसा, पाणी गरम. बाटली, झाकण, डबा, कशालाही धक्का नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जावईबापू तेवढे ओशाळून उभे राहिले. टोपली हिच्या हाती देताना म्हणाले, “मामी, चुकलं माझं.” ही म्हणाली, “ते नंतर. आधी पाणी ओता.”

दूध झालं. हिनं थेंब मनगटावर टाकून बघितला. बाटली पिटुकलीच्या तोंडाला लागली आणि एवढा आवाज, एवढा वारा, एवढी माणसं, सगळं कसं गप्प झालं. नुसतं गट्, गट्. एका हातानं तिनं बाटली धरली होती आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा कान. मास्तरीणबाई म्हणाल्या, “हं. आता हिला पूर्ण गुण.”

तेवढ्यात हवालदार धावत आला. बस येणार नाही. पलीकडच्या चढावर झाड पडलंय, मोठी गाडी वळणार नाही. “जे काय जायचं ते आत्ता जा. तुम्ही टेम्पोवाले, तुम्ही निघा.”

मी शेडकडे बघितलं. आमच्याबरोबर ओळीत उभी राहिलेली ती माणसं एकमेकांकडे बघत होती. कुणी काही मागितलं नाही. मागायचं कसं, समोर आमचं अख्खं घर पडलेलं.

जावईबापूंनी घराकडे बघितलं. कपाट, पलंग, खुर्च्या. मग लोकांकडे. मग रिकाम्या टेम्पोकडे, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर ते ओळखीचं दिसलं, रिकामी जागा बघवत नाही ते.

“चढा,” ते म्हणाले.

“आणि तुमचं सामान?” पाववाल्यानं विचारलं.

“चढा म्हटलं ना.”

हवालदार म्हणाला, “खालून वजन पाहिजे बरं का. हलकी गाडीही डोलते.”

जावईबापूंनी पाववाल्याला वरपासून खालपर्यंत मापून घेतलं. “आहे वजन.”

“हसा, हसा,” पाववाला म्हणाला. “आज कामाला आलो शेवटी.”

आणि मग त्यांनी माणसं भरली. सांगतो, तसं भरणं मी कधी बघितलं नाही. मशीन मधोमध आडवी करून चारी बाजूंनी आवळली. तिच्या पुढं गादी, तीच ठिगळाची, पण आता हिनं हूं की चूं केलं नाही. “मास्तरीणबाई, तुम्ही आधी. पुढं, भिंतीला टेकून.”

“मी का आधी?”

“नाजूक माल.”

“नाजूक? मी? माझ्या शाळेत विचारा म्हणावं! कान पिळायची मी.”

“तरीपण आधी.” आणि सवयीनं त्यांनी त्यांच्या कुंडीवर चिकटपट्टीचे दोन वेढे घातले. बाईंना ते फार आवडलं. मग दोन म्हाताऱ्या बहिणी, मग एक गरोदर बाई आणि तिचा नवरा, मधे मधे उशा, बाजूंना दुमडलेली ब्लँकेटं, आणि शेवटी फाळक्याला पाठ लावून पाववाला. “पाय पसरा. गुडघे वर. हात आत. आता कुणी हलायचं नाही.” कुणी शिंकलंसुद्धा नसेल. त्यांच्या अंगावर त्यांनी ताडपत्री आखूड करून घातली, खालच्या खाली बांधली. हवालदारानं टेम्पोला एक फेरी मारली, माथा बघितला, पाववाल्याला बघितलं आणि अडसर वर केला.

पुलावर काय झालं ते विचारू नका. काही झालं नाही, तेच तर सांगायचंय. वारा बाजूनं थपडा मारत होता, खाली खाडी काळी झाली होती, जावईबापू पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही हात चाकावर, जीभ दातात धरून. मी काचेतून मागं बघत होतो. सहा डोकी एका चालीत डावीकडे झुकत, एका चालीत उजवीकडे. मधल्या एका झोताला टेम्पो जरा कुरकुरला तेव्हा मागून मास्तरीणबाईंचा आवाज आला, “सरळ बसा!” टेम्पोसुद्धा सरळ झाला असं मला वाटलं. पिटुकली बाटली संपवून, ढेकर देऊन, आजीच्या दंडाला नाक घासत होती.

कॉलेजच्या फाटकात मुलगी उभी होती. अंगावर नर्सचा पांढरा कोट, पावसात भिजलेली, हात छातीशी घट्ट बांधलेले. टेम्पो थांबायच्या आत तिनं दार उघडलं, पिटुकलीला उचललं आणि तिच्या डोक्यावर नाक टेकून तशीच उभी राहिली. मग विचारलं, “प्यायली?”

“प्यायली,” आम्ही तिघं एकदम म्हणालो. जरा जास्तच एकदम. तिनं आमच्याकडे संशयानं बघितलं, पण तेवढ्यात मागं ताडपत्री उघडली आणि तिच्यातून माणसं निघायला लागली.

“अहो, हे काय? आपलं सामान कुठे?”

जावईबापू एका म्हातारीला दोन्ही हातांनी खाली उतरवत होते. मान न वळवता म्हणाले, “तू सांगितलेलं आणलं. बाकीचे वाटेत भेटले.”

मग हॉलमध्ये नर्सबाईंच्या घरची माणसं म्हणून आम्हाला भिंतीकडची बरी जागा मिळाली. मी सगळी हकीकत मुलीला सांगितली, वॉशिंग मशीनसकट. न सांगायचं ठरलं होतं, पण असली गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे माझ्यासारख्याला आजारच व्हायचा. ती आधी कपाळाला हात लावून बसली, मग हसली, मग हसता हसता डोळे पुसायला लागली. आणि जावईबापूंच्या खांद्याला डोकं टेकून म्हणाली, “कापलीत दोरी? खरंच?” ते म्हणाले, “ओली होती.”

अंधार पडायच्या सुमाराला हवालदार आला. नखशिखांत भिजलेला. पूल बंद करून आला होता. आम्हाला शोधत आमच्यापाशी आला आणि जमिनीवर फतकल मारून बसला. “तुमचं घर आत ढकललंय,” म्हणाला. “कपाटाला दोरी बांधून खांबाला आवळलंय. राहील तेवढं राहील. पण गाठ काही मला धड जमली नाही.”

“कसली मारलीत?” जावईबापूंनी विचारलं.

“साधीच. अशी.” त्यानं हवेत बोटं फिरवली.

जावईबापूंनी मान हलवली. आपल्या बुटाची नाडी ओढून काढली, एक टोक हवालदाराच्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात घेतलं. बाहेर वारा आता खरा सुरू झाला होता, खिडक्यांची तावदानं थरथरत होती, हॉलमध्ये लोक आपापली अंथरुणं शोधत होते. मुलगी भिंतीकडे तोंड करून पिटुकलीला पाजत बसली होती. आणि हे दोघं बाप्ये एका नाडीवर वाकून बसले होते. हवालदार चुकत होता, जावईबापू सोडवत होते आणि म्हणत होते, “घाई नाही. पुन्हा.”